पायाला मुंग्या येतायत? बी-कॉम्प्लेक्सआधी रक्त तपासायला द्या

क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस (आतड्यांना वर्षानुवर्षं सूज आणणारे आजार) असलेल्या पेशंटला तळपायाला मुंग्या येऊ लागल्या, की 'अशक्तपणा आहे' म्हणत मेडिकलवरून बी-कॉम्प्लेक्स आणलं जातं. कृपया थांबा. गोळ्या सुरू झाल्या की रिपोर्टात बी-१२ वर गेलेलं दिसतं आणि मूळ कमतरता झाकली जाते. नुसतं फॉलिक ॲसिड तर त्याहून वाईट. हिमोग्लोबिन सुधारतं, नसा मात्र बिघडत राहतात.

बी-१२ शोषलं जातं लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, आणि क्रोन्स बहुतेकदा तिथंच ठाण मांडतो. ऑपरेशनमध्ये हा भाग २० सेंमीहून जास्त काढला असेल, तर कमतरता येणारच असं धरून चाला. त्यात इंदूरच्या शाकाहारी मराठी घरांत बी-१२ मिळतं ते दूध-दह्यातून, आणि पोट बिघडतं म्हणून तेच आधी बंद होतं. सकाळचे पोहे सुरू असतात, पण पोह्यांत बी-१२ नाही. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे मुंग्यांचा संबंध जुन्या ऑपरेशनशी कुणी जोडत नाही.

रिपोर्टात बी-१२चा आकडा मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता. २०० ते ३०० असेल आणि त्रासही असेल, तर मिथाइलमॅलोनिक ॲसिड (बी-१२ कमी पडलं की हे वाढतं) तपासायचं का, हे डॉक्टरांना विचारा. आतड्याचा तो शेवटचा भाग काढलेला असेल तर सहसा बी-१२ची १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं लागतात, आधी थोड्या-थोड्या दिवसांनी, मग महिन्या-दोन महिन्यांनी, आणि ती जन्मभर.

दुसरा संशयित मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक. फिस्टुलासाठी (आतड्यातून त्वचेपर्यंत किंवा शेजारच्या अवयवापर्यंत पडलेली नळीसारखी वाट) ते लांबत जातं. एकूण ४२ ग्रॅमच्या पुढे नसांना धोका वाढतो. म्हणजे ४०० मिलिग्रॅमच्या १०५ गोळ्या, दिवसाला तीन धरल्या तर ३५ दिवस. जुन्या चिठ्ठ्या काढून बेरीज करा आणि ती डॉक्टरांपुढे ठेवा. औषध वेळेवर थांबलं तर बहुतेकांना हळूहळू उतार पडतो.

घरच्यांनी बघायच्या खुणा: पायातली चप्पल निसटते आणि चालणाऱ्याला पत्ता नसतो, किंवा बेसिनपाशी डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो. नुसती रात्रीची जळजळ असेल तर नसांची एनसीव्ही तपासणी (नसांतून संदेश किती वेगानं जातो ते मोजणारी) नॉर्मल येऊ शकते, कारण ती बारीक नसा पकडत नाही. म्हणून त्रास खोटा ठरत नाही.

इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडॅलिमुमॅब (आतड्याची सूज दाबणारी इंजेक्शनं, क्वचित नसांनाही बाधतात) सुरू असताना जिना चढायला पाय उचलेनासे झाले, तर पुढच्या डोसआधी न्यूरोलॉजिस्टला दाखवा. कमजोरी दिवसागणिक वर चढत असेल तर त्याच दिवशी इमर्जन्सी गाठा.