सात पानं

आज ताईंनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी मी विणलेल्या टोप्या परत दिल्या. पाचच्या पाच.

"छान झाल्यात गं, पण जाळीच्या नकोत. साध्या असतील तर दे." आवाजात राग नव्हता, घाई होती. मीही "हो, देते" म्हटलं आणि पिशवी घेऊन निघाले. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. छान झाल्यात, पण नकोत.

तीन आठवडे गेले होते त्या डिझाइनवर. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचं डोकं साधारण २६ सेंटीमीटर. टोपी नीट धरून बसायची तर घेर त्याहून दोन-अडीच सेंटीमीटर कमी हवा. माझ्या हाताला १० सेंटीमीटरमध्ये २४ टाके बसतात, म्हणून ५६ टाके घातले. ५६ म्हणजे जाळीच्या नक्षीतली सात पानं, प्रत्येक आठ टाक्यांचं. माथ्याकडे दर खेपेला सात टाके कमी करायचे, ५६, ४९, ४२, आणि सगळ्या पानांची टोकं बरोबर मधोमध येऊन मिळतात. हे जुळेपर्यंत चौकटीची अर्धी वही संपली. ज्या रात्री जुळलं, त्या रात्री आनंदाने झोप आली नाही.

साध्या टोप्या काय, कुणीही विणतं. हे संध्याकाळपासून चारदा मनात आलं. लिहिताना लाज वाटतेय, पण आलं.



खरं तर टोप्या परत आल्या याचं इतकं वाईट वाटत नाहीये. मला हे आधीच माहीत होतं, ते सलतंय. नव्याने विणायला येणाऱ्या मुलींना मीच सांगते, अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या अंगात चरबी फारशी नसते, डोकं शरीराच्या मानाने मोठं, ऊब तिथून निघून जाते. कांगारू पद्धत १९७८ मध्ये बोगोटात सुरू झाली, त्यात बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरतात, तरी डोक्यावर टोपी असते. बटण नको, गोंडा नको, तुसाची लोकर नको, तूस नाकात जातं. हे सगळं तोंडपाठ. आणि सुईवर काय केलं? लोकर पुढे, दोन टाके एकत्र, एक भोक. एका पानाला बारा. एका टोपीला ८४ भोकं.

मग ती पानं होती कुणासाठी? आईसाठी, असं मी स्वतःला सांगत होते. काचेपलीकडच्या बाळाकडे बघताना तिला काहीतरी सुंदर दिसावं. ते खोटं नव्हतं. पण तिने पानं पाहिली असती, की बाळाची छाती वरखाली होतेय ना, ते?

तिने नसती पाहिली. मी पाहिली असती.

हे लिहून टाकल्यावर जरा बरं वाटलं.

रात्री उसवायला बसले. शेवटच्या सात टाक्यांतून ओवून ओढलेला धागा सोडवला, की पुढे हात लावावा लागत नाही, ओळीमागून ओळ आपोआप निघत जाते. पानाची टोकं आधी गेली, मग मधली शीर. उसवलेली लोकर वळ्यावळ्यांची होते, टाक्यांची आठवण धरून बसल्यासारखी. कोमट पाण्यात भिजवून लड्या टांगल्यात, सुकेपर्यंत सरळ होतील. चार उसवल्या. पाचवी ठेवली. ते पान आत्याने शिकवलेलं, तिच्याच सुयांवर... असो. ती कुणाला द्यायची नाही.

झोप येईना, म्हणून लोकरीच्या दुसऱ्या गुंड्यातून साधी टोपी विणायला घेतली. ५६ टाके, दोन सेंटीमीटर एक सुलट एक उलट, पुढे नुसतं सुलट. हात आपला चालत राहिला. माथ्याला टाके कमी करत गेले आणि शेवटी टोपी तळहातावर घेऊन पाहिली, तर माथ्यावर सात बारीक रेघा उमटलेल्या, मधोमध येऊन मिळालेल्या. भोक एकही नाही.

उद्या हीच नीट लिहून काढते, नवीन मुलींना वाचता येईल अशी. जाळीच्या ओळी सगळ्या खोडणार आहे. माथ्याचं गणित तेच ठेवणार आहे.