कोल्हापूर ते लंडन: तिकिटावरचे तास आणि घरापासूनचे तास

तिकिटावर लिहिलं होतं, मुंबईहून सुटणार दुपारी १:३०, लंडनला पोचणार संध्याकाळी ६:३०. आईनं बोटांवर मोजलं. "पाचच तास? एवढे तर पुण्याला जायला लागतात की."

पहिल्यांदा जाणाऱ्या बऱ्याच जणांची इथंच गफलत होते. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर लंडनचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागं असतं, एरवी साडेपाच. पाचात साडेचार मिळवले की खरे साडेनऊ तास निघतात.

मुंबई-लंडन सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. जाताना वरचा पश्चिमेचा जोरदार वारा विमानाच्या तोंडावर येतो, परतताना तोच पाठीशी असतो, म्हणून येतानाचा वेळ साधारण तासाभरानं कमी. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हापासून आपल्या कंपन्यांना वळसा पडू लागला. त्यामुळं तिकीट काढताना नुसतं भाडं बघू नका, एकूण तासही बघा.

पण आम्हाला दमवलं ते विमानानं नाही, रस्त्यानं. कोल्हापूर-मुंबई सरळ रेषेत ३०० किलोमीटर, रस्त्यानं ३८० च्या आसपास. रात्री अकराला राजारामपुरीतून गाडी काढली. कराडजवळ रुंदीकरणाच्या कामात आणि पुढं खंबाटकी घाटात मिळून दोन तास गेले. आठ तासांचे दहा झाले आणि नऊला विमानतळावर टेकलो. हाताशी वेळ होता म्हणून निभावलं. महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी मुंबईत सोडते, पण दुपारच्या विमानासाठी त्याच सकाळच्या गाडीवर मी विसंबणार नाही. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून मुंबई गाठणार असाल, तर पुढचा प्रवास त्याच तिकिटात घ्या. वेगळं तिकीट असेल आणि पहिलं विमान रखडलं, तर दुसरं कुणी थांबवत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तर आदल्या दिवशीच मुंबईत मुक्काम करा. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शिरोलीत महामार्गावर आलं होतं, ते आपण विसरलेलो नाही.

सामानाचं थोडक्यात: कांदा-लसूण मसाला घट्ट बांधून मोठ्या बॅगेत टाका. सुकं खोबरं नेऊ नका, ते विमानात चालत नाही. तूप, खवा, मटण ब्रिटनमध्ये नेता येत नाही. शुगर-बीपीच्या गोळ्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत, आणि त्यांच्या वेळा डॉक्टरांना निघण्याआधीच विचारून कागदावर लिहून घ्या. म्हाताऱ्या माणसांसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगा. आईला लंडनच्या हिथ्रो विमानतळावर तिचा फार आधार झाला, कारण तिथलं चालणं संपतच नाही.

लंडनमधल्या ताईच्या दारात पोचलो तेव्हा तिथले नऊ वाजले होते. घरापासून घरापर्यंत साडेसव्वीस तास, त्यातले हवेतले साडेनऊ. आईनं मनगटावरचं घड्याळ बदललं नव्हतं, त्यात रात्रीचा दीड. बाहेर जूनचं ऊन अजून भिंतीवर होतं. ती खिडकीशी उभी राहून बघत राहिली, मग ताईला म्हणाली, "अगं, मग इथं दिवा लावायचा तरी कधी?"