आणखी एक वर्ष थांबायचं तर

रविवार, रात्री

परदेशातल्या लांबलेल्या युद्धावर वाद सुरू झाला की एक वाक्य हमखास येतं: एवढी माणसं गेली, आता मागे फिरलो तर त्यांचं बलिदान वाया जाईल. ते ऐकून गलबलतं. तरी हिशेबात ते धरू नये, असंच वाटतं. गेलेली माणसं सैन्य तिथे राहिलं म्हणून परत येत नाहीत. ठरवायचं असतं ते पुढच्या बारा महिन्यांचं. आणखी किती जीव, किती पैसा जाणार, आणि वर्षअखेरीस असं काय हाती असेल जे आज निघालो तर नसेल?

अफगाणिस्तानात अमेरिकेने हा प्रश्न वर्षानुवर्षं पुढे ढकलला. डिसेंबर २००९ मध्ये ओबामांनी ३०,००० जादा सैनिक जाहीर केले, तेव्हा सरकारी हिशेब होता एका सैनिकामागे वर्षाला सुमारे दहा लाख डॉलर. यात पगाराचा वाटा थोडाच. खरा खर्च रसदीचा. देशाला समुद्र नाही, म्हणून माल कराचीला उतरायचा आणि पाकिस्तानच्या सीमेवरच्या तोरखम किंवा चमनच्या नाक्यावरून ट्रकने आत जायचा. वाटेत टँकर जाळले जायचे, म्हणून ताफ्याला संरक्षण, आणि संरक्षणाच्या गाड्यांनाही पुन्हा इंधन. दुर्गम ठाण्यांवर हेलिकॉप्टरने पोचवलेलं इंधन गॅलनला, म्हणजे पावणेचार लिटरला, ४०० डॉलरपर्यंत पडतं, असं पेंटॅगॉननेच, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्यानेच, २००९ मध्ये तिथल्या संसदेला सांगितलं होतं. नोव्हेंबर २०११ मध्ये सीमेवरच्या सलाला इथे अमेरिकेच्या आघाडीच्या, नाटोच्या, हवाई हल्ल्यात २४ पाकिस्तानी सैनिक मारले गेले आणि पाकिस्तानने वाट बंद केली, ती जुलै २०१२ पर्यंत. माल बाल्टिक समुद्राकडून रेल्वेने, रशिया आणि उझबेकिस्तानमार्गे आणावा लागला. ज्याच्या हातात रस्ता, त्याच्या हातात युद्धाची नाडी.

तिथेच थांबून राहण्याच्या बाजूचा सगळ्यात तगडा मुद्दा शेवटच्या वर्षातला आहे. जानेवारी २०२१ मध्ये फक्त २,५०० अमेरिकन सैनिक उरले होते आणि जवळपास वर्षभर त्यांच्यातला एकही लढाईत मेला नव्हता. इतक्या कमी किमतीत काबूलचं सरकार टिकत असेल तर निघायचं कशाला? मुलींच्या शाळा आठवल्या की हा प्रश्न झटकून टाकता येत नाही. सहावीनंतरचे वर्ग तालिबानने नंतर खरोखरच बंद केले.

पण ती शांतता आली कुठून ते पाहायला हवं. तालिबानशी झालेल्या २९ फेब्रुवारी २०२० च्या दोहा करारात अमेरिकेने १ मे २०२१ पर्यंत निघण्याचं कबूल केलं होतं, म्हणून तालिबानने परदेशी सैन्यावरचे हल्ले थांबवले होते. अफगाण सैन्यावरचे चालूच होते. १ मेनंतर मुक्काम वाढवायचा म्हणजे ती सूट गेली, आणि मग २,५०० पुरले नसते. स्वस्ताई निघण्याच्या शब्दावर मिळाली होती, तिचा दाखला देऊन थांबायचं कसं?

शिवाय ती किंमत कमी दिसते ती अमेरिकन मृतदेह मोजले म्हणून. जानेवारी २०१९ मध्ये अफगाणिस्तानचे तेव्हाचे अध्यक्ष अश्रफ घनी यांनी सांगितलं होतं की २०१४ मध्ये ते अध्यक्ष झाल्यापासून देशाच्या सुरक्षा दलांतली ४५,००० हून अधिक माणसं मारली गेली. हा आकडा वॉशिंग्टनच्या वादात तळटीपेसारखा यायचा, याचा मला आजही संताप येतो. त्या सैन्याचा पगार बाहेरच्या पैशावर, हवाई दलाची देखभाल परदेशी कंत्राटदारांवर. २०२१ मध्ये मेकॅनिक निघाले तशी दुरुस्तीअभावी विमानं-हेलिकॉप्टरं जमिनीवर राहू लागली, आणि वेढ्यातल्या ठाण्यांना दारूगोळा पोचेना.

खर्चाचा शेवटही माघारीबरोबर होत नाही. अमेरिकेचं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं. त्यातल्या एका सैनिकाच्या मुलीला महिना ७३.१३ डॉलर पेन्शन मिळायचं, ते २०२० मध्ये ती वारली तेव्हा थांबलं. अफगाणिस्तानातून पाय गमावून परतलेले कितीतरी सैनिक आज जेमतेम चाळिशीत आहेत.