चार पायांवर उभं घर

"आई, घर हलतंय." लेक वरच्या बिछान्यात उठून बसली होती. नवरा नुसता दार उघडून आत आला, तेवढ्यानं अख्खा कॅम्पर, म्हणजे पिकअप ट्रकच्या मागे बसवायचं आमचं छोटं घर, होडीसारखा डुलला. रात्री पाऊस लागला. सकाळी दार उघडायला गेले तर ते चौकटीत अडकलेलं. बाहेर येऊन बघते तो मागचा डावा जॅक, म्हणजे कोपऱ्यातला वरखाली होणारा पाय, चार बोटं मातीत गेलेला आणि त्याच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यातल्या पायाखाली कागद सरकेल एवढी फट. म्हणजे रात्रभर आम्ही तिघं तीन पायांवर झोपलो होतो. त्या सकाळपासून कॅम्पर ट्रकवरून उतरवला की पुढचा तासभर मी दुसरं काही करत नाही.

पिकअपच्या हौद्यातून कॅम्पर काढायचा म्हणजे चार कोपऱ्यांच्या जॅकवर तो उचलायचा आणि खालून गाडी पुढे काढायची. त्या क्षणी तो सगळ्यात उंच आणि सगळ्यात लुळा असतो. आमचा कॅम्पर रिकामा नऊशे किलोचा, टाकी भरली की त्यात शंभर लिटर पाण्याचे आणखी शंभर किलो. एवढं वजन सरळ खाली पेलायला ते जॅक समर्थ आहेत, पण आडवा धक्का त्यांना सोसत नाही. आणि आत माणूस चालतो, कूस बदलतो, दार ओढतो, ते सगळे आडवेच धक्के.

म्हणून गाडी बाहेर निघाली की पहिलं काम कॅम्पर खाली आणायचं. पुष्कळजण तो तसाच उंच ठेवतात, परत गाडी घालताना सोपं जातं म्हणून. मला ते अजिबात पटत नाही. लेकीला मी शाळेतली पट्टी टेबलाच्या कडेवर दाबून दाखवली होती: बाहेर जास्त काढली तर बोटानं सहज वाकते, थोडीच काढली तर हट्टानं ताठ राहते. हे वाकणं लांबीच्या घनाच्या हिशोबानं वाढतं. गाडी निघते तेव्हा आमच्या जॅकचा आतला पाय पंचाहत्तर सेंटीमीटर बाहेर असतो, आम्ही तो पंचवीसवर आणतो. लांबी एक तृतीयांश, तर वाकणं हिशोबानं सत्ताविसावा भाग. जॅकच्या नळ्यांमधली ढिलाई आणि ब्रॅकेटचा खेळ धरला तर प्रत्यक्षात तेवढा फरक पडत नाही, तरी खाली आणल्यावर जो फरक जाणवतो तसा दुसऱ्या कशानंच जाणवला नाही. फक्त तळाचे सांडपाण्याचे पाइप आणि व्हॉल्व्ह जमिनीला टेकत नाहीत ना, ते वाकून बघायचं.

उतरवताना नाक, म्हणजे बिछान्याची बाजू, मागच्यापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर वर ठेवते. पुढे झुकला तर भार पुढच्या दोन पायांवर चढतो. चारही जॅक थोडे थोडे, आळीपाळीनं. आत कुणी नाही. टाकी रिकामी असेल तर फारच बरं.

आता जमीन. प्रत्येक पायाखाली मी वीतभर रुंद लाकडी फळ्या एकावर एक आडव्या-उभ्या रचते, पाय बरोबर मध्यावर. मातीवर भार पसरला की पाय रुतत नाही. उतार असेल तर खालच्या बाजूला फळ्या जास्त, म्हणजे चारही पाय साधारण सारखेच बाहेर राहतात. मग दाराच्या उंबऱ्यावर पाणसळ. फ्रिज गॅसवर चालणारा असेल तर तो सपाटीवरच नीट थंड करतो, हेही त्यातच साधतं.

एवढं झाल्यावर तळाखाली टेकू. जाड चौकोनी वासा रुंदीभर आडवा घालायचा, खाली ठोकळ्यांची चळत, आणि उरलेल्या फटीत दोन्हीकडून पाचरी. पाचर हातानं घट्ट बसली की हातोडीचा एकच हलका ठोका. त्यापुढे ठोकत गेलं तर कॅम्पर उचलला जातो आणि जॅकवरचा भार सुटतो. भार जॅकवरच राहायला हवा. टेकूनं नुसता हेलकावा अडवायचा. वासा तळाच्या सांगाड्याखाली आला पाहिजे, मधल्या पातळ प्लायखाली कधीच नको. आम्ही एक टेकू मागे दाराजवळ देतो, कारण चढणाऱ्याचं वजन तिथेच पडतं, आणि एक पुढे. वारा असेल तर जॅकच्या पायांमध्ये फुलीसारखे रॅचेटचे, म्हणजे खटक्यानं ताणायचे, पट्टे लावतो, बेतानं ताणलेले, पाय आत ओढले जाणार नाहीत इतपत.

सकाळी उठल्यावर चहाच्या आधी चारही पाय हातानं चाचपून बघते. रात्रीत माती बसते. एखादा पाय सैल लागला तर तो पाव फेरा खाली घेते आणि पाचरी पुन्हा दाबते.

गेल्या खेपेला लेकीनंच टेबलावर काठोकाठ पाण्याचा पेला ठेवला आणि बाबाला बाहेरून आत यायला सांगितलं. तो पायरी चढला, दार ओढून घेतलं, बूट काढले. पाण्यावर एक बारीक वलय उठलं आणि विरलं. थेंबही सांडला नाही. "चालेल," म्हणाली, आणि वर जाऊन झोपली.