श्रावणी शुक्रवार आणि पुरणाचे दिवे

गुरुवार, रात्री

उद्या श्रावणातला पहिला शुक्रवार. जिवतीची, म्हणजे लेकरांची राखण करणाऱ्या देवीची, पूजा. हरभऱ्याची डाळ निवडून ठेवली की निम्मं काम झालं. चार-पाच माणसांच्या नैवेद्यापुरत्या पुरणाला एक मोठी वाटी डाळ पुष्कळ. पुरणपोळ्या करायच्या असतील तर दोन.

जिवतीचा कागद पूजेच्या सामानाच्या दुकानात सहज मिळतो. बऱ्याच घरांत तो दिव्याच्या अवसेलाच लावतात. थेट भिंतीवर चिकटवू नये. ऑइलपेंटच्या भिंतीवर खळ धरत नाही, आणि स्वयंपाकघरातला देव्हारा असेल तर वाफेने कागदाचे कोपरे सुटतात. पुठ्ठ्यावर लावून पुठ्ठा टेकवून ठेवला की महिनाभर कागद ताठ राहतो, भिंतही शाबूत.

त्या कागदावर कोण कोण आहे हे मुलांना एकदा बसवून दाखवावं. खांबातून प्रकटलेला नरसिंह, कालियाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण, मुलांना मांडीवर घेतलेल्या आणि पाळणा हलवणाऱ्या जरा-जिवंतिका, शेवटी हत्तीवर आणि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. पहिले दोघे पाहिले की लगेच कळतं, हा सगळा कागदच लेकरांचा आहे. एक प्रल्हादासाठी आलेला, दुसरा स्वतःच लहान.

यातली जरा मला फार आवडते. ती मूळची राक्षसी. महाभारताच्या सभापर्वात मगधाच्या बृहद्रथ राजाच्या दोन राण्यांना अर्धं-अर्धं बाळ होतं, ते टाकून देतात, आणि ही जरा दोन्ही तुकडे एकत्र आणते. ते जुळतात, बाळ टाहो फोडतं. तोच जरासंध. खाऊन टाकण्याऐवजी ती ते मूल राजाला नेऊन देते, आणि सांगते की जो मला मुलाबाळांसह भिंतीवर काढील त्याच्या घराची भरभराट होईल. आपण दुकानातून आणतो तो कागद म्हणजे त्या भिंतीवरच्या चित्राचीच पुढची पिढी. राक्षसिणीला लेकरांची राखण सोपवणारी आपली माणसं मोठ्या मनाची खरी.

शुक्रवार, सकाळी

गेजवस्त्र, म्हणजे कापसाची २१ मण्यांची माळ, सकाळी निवांत असतानाच करावी. कापूस आधी पिंजून घ्यायचा, त्यात सरकीचा कण राहिला तर तिथेच तुटतो. बोटं दुधाने ओली करून थोडा कापूस ओढायचा, पीळ द्यायचा, मणी सोडायचा, पुन्हा पीळ. बोटं फार ओली झाली तर मणी फुगत नाही, त्याची नुसती गुठळी होते. मुलांना हे काम जरूर द्यावं. त्यांचा एक मणी आवळ्याएवढा आणि पुढचा मोहरीएवढा होतो, आणि जिवतीच्या गळ्यात तोच हार सगळ्यात शोभतो.

आघाडा-दुर्वांची माळ करताना आघाड्याची कोवळी पानं घ्यावी. तुरा पिकला असेल तर त्याची कुसळं साडीला आणि मुलांच्या पायमोज्यांना चिकटून घरभर फिरतात. परदेशात किंवा मोठ्या शहरात आघाडा मिळाला नाही तर मिळेल ते फूल वाहावं, मन खट्टू करू नये.

आता पुरण. दोन तास भिजलेली डाळ, तिच्या तिप्पट पाणी, चिमूटभर हळद, चमचाभर तेल. तेलाने कुकर उतू जात नाही. चार-पाच शिट्ट्या आणि मग बारीक आचेवर दहा मिनिटं. एक डाळ दोन बोटांत दाबून बघायची. मध्ये कणी लागली तर पुन्हा कुकर लावायचा, इथे आळस नको. कच्च्या डाळीत गूळ पडला की ती कणी नंतर कितीही शिजवा, मऊ होत नाही. डाळ चाळणीवर निथळायची. खाली जमलेला कट आमटीसाठी.

एक वाटी डाळीला एक वाटी चिरलेला गूळ. गूळ पडल्यावर सगळं पातळ होतं आणि नवखी माणसं घाबरतात. घाबरू नये. मध्यम आचेवर सतत हलवत राहिलं की आटत येतं. उलथनं मधोमध उभं राहिलं की पुरण झालं. गरम असतानाच पुरणयंत्रातून काढावं, गार झाल्यावर मनगट दुखून येतं. वेलदोडा आणि जायफळ शेवटी.

पोळीला हे एवढं पुरे. दिव्यांना मात्र पुरण आणखी दोन मिनिटं कोरडं करायचं आणि पूर्ण गार होऊ द्यायचं. बहुतेक घरांत चूक होते ती इथेच. कोमट पुरणाचे दिवे वळताना सुरेख दिसतात, पण पेटवले की तूप वितळतं, कड बसते आणि आरतीच्या मध्यावर दिवा लोळण घेतो. लिंबाएवढा गोळा घ्यायचा, तळ सपाट करायचा, अंगठा तुपात बुडवून मध्ये खळगा करायचा. कड करंगळीएवढी जाड राहिली पाहिजे. फुलवाती आदल्या रात्रीच तुपात भिजवलेल्या बऱ्या. कोरडी वात भरभर जळते आणि काजळी पुरणावर धरते. तूप थिजलेलंच भरावं, ते हळूहळू वितळतं. ताटात मूठभर तांदूळ पसरून त्यावर दिवे ठेवले की घसरत नाहीत. पाच करायचे की सात, ते ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीप्रमाणे.

शुक्रवार, दुपारी

आधी जिवतीला हळदकुंकू, माळ, वस्त्र, नैवेद्य, आरती. मग कहाणी. जिवतीची कहाणी म्हणजे भरगच्च नाटक आहे. सुईण राजवाड्यातून फितूर झालेली, ब्राह्मणीच्या कुशीतलं बाळ राणीकडे जातं आणि हिच्यापुढे वरवंटा येतो. वरवंटा ऐकला की लहान मुलं हसतात, त्यांना हसू द्यावं. पुढे ती आई जिवतीची पूजा करते, आणि ‘जिथं माझं बाळ असेल तिथं खुशाल असो’ म्हणून अक्षता उडवते. त्या बाळाच्या डोक्यावर जाऊन पडतात. इथे हसणारी मुलंही गप्प होतात.

मग औक्षण. पाटांवर घरातली सगळी लेकरं. पूर्वी कित्येक घरांत फक्त मुलगेच बसत. आता मुलीही बसतात, आणि तेच योग्य आहे, कारण कागदावरची जिवती मांडीवरचं मूल कोण ते विचारत नाही. कुंकू लावायचं, डोक्यावर अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी ओवाळायची, मग पुरणाच्या दिव्यांचं ताट. ताट जड असतं, दोन्ही हातांनी आणि सावकाश. लहानग्यांचं तोंड दिव्याकडे जातं, त्यांना मोठ्याच्या मांडीवर बसवावं.

घरात आजी असेल तर तिची पाळी आधी. साठीचा मुलगा चष्मा काढून, गुडघे सावरत पाटावर बसतो, शेजारी त्याचा नातू, आणि आजी दोघांनाही एकाच सुरात ‘बाळा, मान खाली कर’ म्हणते. नातवाला आजोबा बाळ असल्याचा शोध लागतो, आणि तो पुढे आठवडाभर त्यांना बाळा म्हणून हाक मारतो. आजोबा ओ देतात.

जी लेकरं पुण्याला, बंगळूरला, टोरांटोला आहेत त्यांच्यासाठी चारी दिशांना अक्षता. ही कहाणीतल्या त्या आईचीच रीत. व्हिडिओ कॉल लावलाच तर फोन दिव्यापासून हातभर लांब, उभ्या डब्याला टेकवावा. टोरांटोला तेव्हा पहाट असते, त्यामुळे समोर पांघरुणातून बाहेर आलेलं फक्त कपाळ दिसतं. कपाळच हवं असतं. पडद्याला कुंकवाचं ओलं बोट लावू नये, काचेच्या कडेने आत जातं. कॉल झाला तरी चार दिशांच्या अक्षता टाकायच्याच.

दिवे फुंकून विझवायचे नाहीत, आपोआप शांत होऊ द्यायचे. मग वात काढून काजळलेला भाग चमच्याने खरवडायचा आणि दिवा ज्याचं औक्षण झालं त्याच्या पानात. तूप मुरलेलं, किंचित खरपूस झालेलं ते पुरण पोळीतल्या पुरणापेक्षा चविष्ट लागतं, म्हणून भांडणं होतात. तेव्हा माणशी एक दिवा धरून दोन जास्तीचे करावेत.

शुक्रवार, रात्री

संध्याकाळच्या हळदीकुंकवाला दूध आणि गूळ-फुटाणे. उरलेलं पुरण घट्ट डब्यात, फ्रिजमध्ये, दोन दिवसांत संपवायचं. कटाची आमटी उद्या आजच्यापेक्षा चांगली लागेल. कागदाचा खालचा कोपरा सुटलाय, उद्या सकाळी थोडी खळ करून लावायची. पुढच्या शुक्रवारी डाळ दीड वाटी.