उघडता येईल अशी गादी

शाळेत, बचत गटात, आर्वीच्या एसटीत शेजारी बसलेल्या बाईंकडूनही मला एकच प्रश्न येतो. "मॅडम, एवढी महागाची गादी न पायता मोबाइलवर बोलावली? काहून जी? आपल्याइकडे गाद्या भेटत नाहीत का?" भेटतात. वर्ध्याला तर दुकानांची रांग आहे. तरी आम्ही तीन थरांची लॅटेक्सची, म्हणजे रबराच्या चिकाची, गादी ऑनलाइन मागवली, आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तर तशीच मागवीन. तुम्ही विचारलंत म्हणून जरा नीट सांगते.

पहिली गोष्ट, न पाहता नाही घेतली. यांच्या कमरेच्या उपचारासाठी आम्ही नागपूरला भाचीकडे मुक्कामाला होतो, आणि तिच्याकडे तशी गादी होती. मी कुशीवर झोपते. घरच्या काथ्याच्या गादीवर पहाटेपर्यंत खालचा हात बधिर व्हायचा. तिथे खांदा गादीत सामावला, पण कंबर खाली गेली नाही. कूस बदलली की गादी लगेच वर उचलून धरत होती. मेमरी फोमवर माणूस हळूहळू रुततो आणि वळताना त्या खड्ड्यातून बाहेर यावं लागतं, तसं इथे नव्हतं. यांना मात्र तीच गादी थोडी मऊ वाटली. हे उताणे झोपतात, वजनही माझ्यापेक्षा जास्त. एकाच गादीबद्दल आम्हा दोघांची दोन मतं झाली, आणि पुढचा सगळा निर्णय त्यावर ठरला.

तुम्हीही कुणाकडे किंवा दुकानात पडून पाहणार असाल तर चप्पल काढून, रोज जसे झोपता तसेच, निदान पंधरा-वीस मिनिटं पडा. काठावर बसून हाताने दाबून काही कळत नाही. उताणं झोपून कमरेखाली हात घालून पाहा. हात सहज आरपार गेला तर गादी तुम्हाला कडक आहे, आणि बूड खाली जाऊन कंबर वाकल्यासारखी वाटली तर मऊ. कुशीवर असताना सोबतच्या माणसाला मागून पाठ बघायला सांगा. मणका मानेपासून माकडहाडापर्यंत एका रेषेत हवा. उशी स्वतःची नेलेली बरी. एवढं केलं की तुमच्या शरीराला काय लागतं ते कळतं. गादीच्या पोटात काय आहे ते पडून कळत नाही. म्हणून मी भाचीला खोळीची चेन उघडायला लावली.

आत सायीच्या रंगाचे, सुईने टोचल्यासारखी भोकं असलेले तीन सुटे थर होते. ते पाहिलं आणि मला माहेर आठवलं. आमच्या घरी गादी घरच्या कापसाची असायची. सरकी काढलेली रुई, वर जाड खोळ. दोन-तीन वर्षांत गोळे झाले की पिंजारी यायचा, अंगणात गादी उसवायचा, रुई पिंजून पुन्हा भरून द्यायचा. गादी बिघडली तर ती गावातच दुरुस्त व्हायची. नंतर काथ्याच्या आणि फोमच्या गाद्या आल्या, त्या चारही बाजूंनी शिवून बंद. आमची काथ्याची गादी मधोमध बसली तेव्हा तिला करण्यासारखं काहीच नव्हतं. उलटी करून पाहिली, फिरवून पाहिली, शेवटी गोठ्यालगतच्या खोलीत गेली.

शहरातल्या माणसाला ही अडचण तेवढी जाणवत नसेल. 'शंभर रात्री झोपून पाहा, नाही आवडली तर परत' असं कंपन्या लिहितात, पण परत न्यायला त्यांचा माणूस आपल्या पिनकोडवर येतो का, हे आधी विचारावं लागतं. आमच्या गावाला कुरिअर येतच नाही, सामान तालुक्याला उतरतं. एकदा फुललेली गादी पुन्हा गुंडाळून तिकडे पोचवणं म्हणजे गाडी, दोन माणसं आणि एक दिवस. म्हणून माझी अट अशी होती, की गादी थोडी इकडेतिकडे निघाली तरी ती घरातच सुधारता आली पाहिजे. नव्या प्रकारांमध्ये ही अट मला थरांच्या लॅटेक्समध्येच पूर्ण होताना दिसली.

आमच्या गादीत दोन-दोन इंचांचे तीन थर आहेत: खाली कडक, मध्ये मध्यम, वर मऊ. शिवाय प्रत्येक थर उभा दोन भागांत कापलेला, म्हणजे यांची बाजू वेगळी, माझी वेगळी. काही रात्री झोपल्यावर यांनी सांगितलं की बूड अजून खाली जातं. चेन उघडली, यांच्या बाजूचा मऊ थर मध्ये घेतला आणि मध्यम थर वर आणला. तेवढ्याने भागलं नाही, तेव्हा कडक थर मध्ये आणून मऊ अगदी तळाला घातला. आता कंबर धरत नाही. माझी बाजू आली तशीच आहे. पुढे कधी वरचा थर दबला तर तेवढाच नवा मागवता येईल.

मागवताना मी वाचलं ते असं. 'लॅटेक्स गादी' या नावाखाली वर इंच-दोन इंच लॅटेक्स आणि खाली साधा फोम असंही मिळतं, त्यामुळे प्रत्येक थर कशाचा आहे ते लेखी हवं. नैसर्गिक लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. आपल्या देशात मुख्यतः केरळचा. त्यात पेट्रोलियमपासून केलेलं कृत्रिम लॅटेक्सही मिसळतात, म्हणून प्रमाण विचारायचं. पद्धती दोन. डनलॉपमध्ये चीक फेटून साच्यात ओततात आणि तापवून घट्ट करतात. ही १९२९ सालापासूनची रीत. टॅलालेमध्ये साचा अर्धवट भरून त्यातली हवा ओढतात, मग गोठवतात, मग तापवतात. ते जास्त हलकं आणि महाग पडतं. आम्ही डनलॉप घेतलं, कारण टिकाऊ आणि भरीव आहे.

आणि वजन! शेतकऱ्याच्या घरात ही परीक्षा सगळ्यात सोपी. डनलॉप लॅटेक्स घनमीटरला साधारण ८० किलोच्या आसपास भरतं, गादीचा साधा फोम बहुधा २५ ते ४०. म्हणजे ७२ बाय ७८ इंचांची, ६ इंच जाड पूर्ण लॅटेक्सची गादी ४४ किलोच्या आसपास हवी. कुणी तेवढीच गादी २५ किलोची दाखवत असेल तर आत काय आहे ते विचारा. आम्ही गादी आल्यावर एकेक तुकडा कापसाच्या काट्यावर मोजला. सेंद्रिय म्हणून विकत असतील तर जीओएलएस (ग्लोबल ऑरगॅनिक लॅटेक्स स्टँडर्ड) प्रमाणपत्र मागा. त्यासाठी ९५ टक्क्यांहून जास्त कच्चा माल प्रमाणित सेंद्रिय लागतो.

दिवाण आतून मोजा, बाहेरून नाही. आमचा सागवानी दिवाण गावच्या सुताराने केलेला, नेहमीच्या मापात न बसणारा. खास मापाची कापून घेतलेली गादी बहुतेक कंपन्या परत घेत नाहीत, तेव्हा माप दोघांनी वेगवेगळं घ्यावं.

आता जे मला सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं ते. लॅटेक्स उन्हात टाकायचं नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात गाद्या गच्चीवर टाकायची पद्धत आहे, आणि कापसाला ती चांगलीच. आमच्या सासूबाईंनी पहिल्याच एप्रिलमध्ये विचारलं, "ऊन कवा दाखवतं इले?" त्यांना समजावून सांगितलं की ऊन लागलं की रबर पिवळं पडतं, कडक होतं आणि भुगा व्हायला लागतो. त्यामुळे खोळ धुवायची, थर सावलीत पंख्याखाली ठेवायचे. तेलाचंही तसंच. मालिश करून सरळ गादीवर पडू नये, वर जाड चादर हवी. आणि खालून हवा लागते. आपल्या खोल्यांत कूलरचा दमटपणा असतो, मग पावसाळा. आमच्या दिवाणाला सपाट प्लाय होता. सुताराने तो काढून जवळजवळ पट्ट्या ठोकल्या. थर हलवताना एका कोपऱ्याला धरून ओढायचे नाहीत, फाटतात. दोघांनी खालून हात घालून उचलायचे.

थंड वाटते का, हेही विचारतात. भोकांमुळे हवा खेळते, फोमएवढी तापत नाही. पण मे महिन्यात पारा ४५ च्या वर आणि वीज गेलेली असेल तर कोणतीच गादी थंड नसते. त्या रात्री आम्ही अंगणात बाजेवरच झोपतो.

पैसे? पाच-सहा क्विंटल कापसाचे गेले. थोडे नाहीत. म्हणून पक्कं बिल घ्या, वॉरंटीत किती इंच दबल्यावर 'बिघाड' मानतात ते वाचा, पेटी उघडताना व्हिडिओ काढा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण जिथे राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. कंपनीच्या गावी जावं लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

ज्यांना रबराची ॲलर्जी आहे त्यांनी ही गादी आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि ज्यांच्या घरी चांगल्या रुईची गादी आहे, पिंजून देणारा माणूस अजून जवळपास आहे, पाठही दुखत नाही, त्यांनी एवढा खर्च करायची मला गरज दिसत नाही. बाकीच्यांनी रविवारी दुपारी घरी या. चेन उघडून दाखवते, दोन्ही बाजूंना पडून पाहा, मग मागवा.