टाक्यातले नितळ पाणी

ट्रेकरांच्या विष्ठेचा किल्ल्यांवरील पाण्यावर होणारा परिणाम हा विषय मी एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी घेतला, तेव्हा घरात जेवताना त्याचे नाव काढण्याची मला बंदी झाली. तो सुचला होता अलास्कातील देनाली शिखरावरच्या संशोधनावरून. तेथील काहिल्टना हिमनदीवर १९५१ ते २०१२ या काळात गिर्यारोहकांनी सुमारे ६९ ते ९७ टन विष्ठा टाकली, असा अंदाज आहे. हिमभेगेत टाकले की ते चिरडून नाहीसे होते, हा तिथला जुना समज. प्रत्यक्षात वर्षभर बर्फात पुरून ठेवलेल्या विष्ठेतही जिवाणू जिवंत सापडले, आणि हिमनदी वाहती असल्यामुळे पोटात गेलेले काही दशकांनी खालच्या अंगाला पुन्हा उघडे पडते.

आपल्याकडे बर्फ नाही, कातळ आहे. त्यावर पुरायला मातीही पुरेशी नसते.

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी मी त्र्यंबक रांगेतल्या एका किल्ल्यावर नमुने घ्यायला गेले. (किल्ल्याचे नाव मुद्दाम देत नाही.) माथ्यावर दोन टाकी होती. एकात शेवाळ माजले होते. दुसऱ्याचे पाणी इतके नितळ, की तळाचे छिन्नीचे घाव दिसत. ट्रेकर तिथेच बाटल्या भरत होते. मीही भरली. पायथ्याच्या वाडीतले काका वाट दाखवायला आले होते. ते नितळ टाक्याच्या वरच्या उताराकडे बोट करून म्हणाले, "ताई, पाऊस आला की ह्या अंगाचं समदं पाणी ह्यातच उतरतं. आम्ही इकडं कधी बसत नाय." त्या उतारावरच्या कारवीच्या आडोशाला जागोजागी टिश्यू पेपर पडले होते.

निर्जंतुक बाटल्या बर्फाच्या डब्यात ठेवून मी सहा तासांच्या आत नाशिकची प्रयोगशाळा गाठली. मॅकॉन्की ब्रॉथ, म्हणजे जिवाणू वाढवायचा जांभळा पोषक द्रव, भरलेल्या नळ्यांत पाणी घालून त्या ४४.५ अंश सेल्सिअसला ठेवल्या. विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू या तापमानालाही वाढतात आणि आतल्या छोट्या उलट्या नळीत वायू साठतो. दुसऱ्या दिवशी शेवाळाच्या टाक्याच्या नळ्यांपैकी एकीतच बुडबुडा होता. नितळ पाण्याच्या सगळ्या नळ्यांत वायू होता, आणि ब्रॉथ जांभळ्याचा पिवळा झाला होता.

मार्गदर्शक सरांनी नळ्या उजेडात धरून पाहिल्या आणि एका दिवसाच्या नमुन्यांवर काही लिहायचे नाही, दर महिन्याला जायचे, असे बजावले. ते योग्यच होते. माझी बाटली मात्र परतीच्या वाटेवरच संपली होती.